मी फक्त साखर ढवळत होतो

...दूध? दूध नको रे देवव्रत! काळा चहा दे, बिनसाखरेचा दे, आणि तो चमचा आधी उचल इथून... हसा, इथे दोह्यात अल गराफात एसीत बसून हसायला काय जातंय तुमचं! पण तुम्हाला सांगतो, एका चमच्यानं माझी काय दशा केली ती ऐका.

आता कतारच्या पार टोकाला दुखानात राहणारा माणूस मेक्सिकोत कशाला तडमडला? आमच्या सुनीतीला लग्नापासून एकच हौस, नवऱ्याबरोबर एकदा नाचायचं. आणि माझं दर वेळी तेच, "अगं, इथे नको, सगळे ओळखीचे आहेत!" पंचवीस वर्षं एवढ्या एका वाक्यावर काढली हो! या वर्षी मात्र म्हणाली, "अहो, ओळखीचं कुणीच नसेल तिथे नाचाल?" मी म्हटलं, नाचेन की! तिनं इंटरनेटवर शोधून काढलं, वेराक्रूझ! मेक्सिकोतलं बंदर, संध्याकाळी चौकात बँड वाजतो आणि म्हातारी जोडपी कडक इस्त्रीच्या कपड्यांत नाचतात. तिकिटं काढली, खलास!

बरं, मी टाळत होतो असंही नाही. बाथरूममध्ये नळ सोडून महिनाभर सराव केला होता! मला नाचायचं होतं हो... खरंच नाचायचं होतं.

तर बँडला अवकाश होता म्हणून कॉफीला बसलो. उंच काचेचा ग्लास, तळाशी एवढीशी काळी कॉफी. मी साखर घातली, ढवळली, टिंग टिंग... तर एक वेटर किटली घेऊन हजर, आणि हातभर उंचावरून गरम दुधाची धार! ग्लास काठोकाठ! आता मला दूध सोसत नाही हे आपल्या मंडळात कुणाला ठाऊक नाही? पण टाकायचं नाही ही आईची शिस्त, निम्मं प्यायलो, अगोड लागलं, म्हणून चिमूटभर साखर... टिंग टिंग... आला किटली घेऊन! अहो, मी फक्त साखर ढवळत होतो!

आता नको कसं सांगायचं? तिथे हिंदी चालत नाही, इंग्रजीला तो नुसता हसतो. मग कतारमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस काय करेल? अरबाकडे त्यांची कॉफी, तो गहवा, पुरे झाला की कप हातात धरून हलवायचा, की वाढणारा थांबतो. तुम्हीही तेच करता की! मी ग्लास उचलला आणि हलवला. आत चमचा! टिंगटिंगटिंगटिंग! तो धावतच आला, "सी, सेन्योर! लेचे!" म्हणजे पुन्हा दूध! मी आणखी जोरात हलवतोय, तो आणखी उंचावरून ओततोय, आणि शेजारचं टेबल टाळ्या वाजवतंय!

सुनीती शांतपणे म्हणते, "अहो, इथे चमचा वाजवला की दूध आणून ओततात. बघा ना, सगळे तेच करतायत."

"मग आधी नाही सांगायचं?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडतंय."

आवडतंय? मी फक्त साखर ढवळत होतो! रागानं चमचा बशीत आपटला... टिंग. आला.

इतक्यात चौकात बँड सुरू झाला. सुनीती हिरवं इरकल नेसून हात पुढे करून उभी, मी उठलो, आणि पोटात अशी कळ आली म्हणता, तसाच बाकावर बसलो. म्हटलं, पाच मिनिटं. थांबली हो बिचारी, तीन गाणी थांबली. मग ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, मला वाकून खुणेनं परवानगी मागतात! मी काय म्हणणार? यल्ला, होऊन जाऊ दे म्हटलं.

आणि काय नाचली हो! मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं... पण इतकी सुंदर दिसत होती की बघतच बसलो.

घामाघूम होऊन, हसत परत आली. "अहो, आता?" मी पोट धरून म्हटलं, "दुखानला गेल्यावर नाचू, नक्की."

"तिथे सगळे ओळखीचे आहेत ना?" म्हणाली, आणि गेली परत त्या टोपीवाल्याकडे.

आता आमच्या हॉलमध्ये त्या दोघांच्या नाचाचा फोटो लावलाय, हा एवढा मोठा, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा. येणारा प्रत्येक जण विचारतो, "वहिनी, हे कोण?"

"डॉन फर्मिन."

"आणि अनंतराव कुठायत?"

"फोटो त्यांनीच काढलाय."

...चांगला आलाय म्हणतात सगळे.