सुलभाबाईंचे वडील गप्प झाले

मंडळी, आज एकच विचारतो. आपल्या माणसाच्या बोलण्याची लाज वाटणं, हे पाप की नुसती चूक? उत्तर लगेच देऊ नका, आधी ऐका.

दर्यापूरकडच्या एका गावात उकर्डाजी गावंडे नावाचे शिंपी होते. तोंडाचे मोठे गोड. कापड द्यायला आलेला माणूस गप्पांत रमायचा आणि माप द्यायचं विसरून घरी जायचा. त्यांची लेक सुलभा पुण्यात शिक्षिका झाली. पहिल्याच दिवशी वर्गात म्हणाली, "कोण बोलून रायलं मागं?" सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून सुलभाबाई शब्द तोलून बोलू लागल्या. 'मले'चं 'मला' झालं. चार वर्षांत कुणाला ओळखू येईना की बाई वऱ्हाडातल्या.

आता हसतात कोण, तेही ऐका. कीर्तनात साथीला बसलेले आमचे हे मृदंगवाले कोल्हापूरचे. प्रेमानं हाक मारतात, आणि शेजारच्याला वाटतं भांडण लागलं. आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या गावचे, हो की नाही?

तर, एकदा वडील लेकीकडे आले. संध्याकाळी मुख्याध्यापिका चहाला येणार होत्या. सुलभाबाई हळूच म्हणाल्या, "बाबा, त्यांच्यासमोर जरा कमी बोला हं."

"बरं," म्हातारा म्हणाला.

मुख्याध्यापिका आल्या, चहा झाला, गेल्या. उकर्डाजी नुसते मान हलवत बसले. दुसऱ्या दिवशीही तसेच. सुलभाबाईंना वाटलं, प्रवासाचा शीण असेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाबा, अजून एक पोळी वाढू?"

वडील सावरून बसले. सुईत दोरा ओवावा तसं एकेक अक्षर जपून म्हणाले, "नको. माझं पोट भरलेलं आहे. आपण जेवून घ्या."

आपण! ज्या लेकीला खांद्यावर बसवून बाजार दाखवला, तिला — आपण.

सुलभाबाईंनी पोळी परत डब्यात ठेवली. बोलायला गेल्या, तर घरचे शब्द सापडेनात. अडखळत म्हणाल्या, "बाबा, तुमी काहून असं बोलून रायले?"

"तुह्यासाठीच शिकून रायलो व माय," म्हातारा म्हणाला. "माह्यापायी तुले खाली पाहा लागू नये."

बाई रडल्या. म्हातारा पुढे आठ दिवस राहिला. एकदा शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन आला. बाई त्याच्याशी वऱ्हाडीत बोलल्या. मागे कुणीतरी हसलं. त्यांचे कान लाल झाले, मंडळी, खोटं कशाला सांगू? पण वाक्य त्यांनी त्याच बोलीत पुरं केलं.

शाळेतली भाषा शिकावी, जरूर शिकावी. पण आज घरी गेलात, गावाकडून फोन आला, आणि शेजारी कुणी बसलेलं असलं, तर आपला आवाज बदलतो का, एवढं फक्त ऐका. पाप की चूक, ते मग मला विचारावं लागणार नाही. घ्या, ज्याच्या त्याच्या बोलीत देवाचं नाव घ्या — त्याला सगळ्या कळतात.