रक्तात एक आणा रान

नाही, आधी हसू नका! शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे... म्हणजे एक गोष्ट सोडून, आणि ती कुठली ते शेवटी सांगेन, आत्ताच सांगितलं तर तुम्ही उठून जाल. तर मी साधा शिंपी माणूस, पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि आमच्या हिला हवं होतं मांजर. गल्लीत काय मांजरं कमी आहेत? पण नाही! हिला ठिपक्यांचं हवं, बिबट्यासारखं. असली मांजरं पैदा करून विकणारा तो गृहस्थ मला समजावतो, "मास्तर, याचा खापरपणजोबा तेवढा रानातला. पुढे सगळी सोयरीक घरातल्या मांजरींशी. रक्तात पंधरा आणे घर, रान फक्त एक आणा!"

एक आणा! तुम्हाला सांगतो, ते पंधरा आणे दिवसभर झोपा काढतात, आणि हा एक आणा टक्क जागा!

ठिपक्या आला तो थेट कपाटावर. तिथून पडद्याच्या दांडीवर. तिथून, मी कुणाच्या तरी पँटची उंची मोजत वाकलेलो, माझ्या पाठीवर! मांजराला पाण्याची भीती असते म्हणतात ना? हा स्वतः नळ सोडतो आणि माझ्या अंघोळीच्या बादलीत उतरून बसतो. बरं, बसला तर बसला, परवा एका मुख्याध्यापकांचा नवा कोरा कोट खुंटीला टांगलेला, त्याच्याकडे पाठ केली, शेपूट उभारली, आणि मारली पिचकारी!

मी तणतणत जनावरांच्या डॉक्टरकडे. तो थंडपणे म्हणतो, "हद्द आखतोय. ओरडू नका, मारू तर मुळीच नका. चढायला उंच फळ्या ठोका, दोन वेळा दमेपर्यंत खेळवा, दार उघडं टाकू नका. आणि पट्टा बांधून फिरवा, पण पट्टा घट्ट हवा. हा बहुधा एकाच माणसाला आपलं मानेल."

"म्हणजे हिला. आणि बाकीचे?"

"बाकीचे फर्निचर."

ऐकलंत? स्वतःच्या घरात मी फर्निचर!

तर हिची बहीण बाळंत झाली आणि ही निघाली चार दिवस तिकडे. दारात उभी राहून म्हणते, "अहो, मी येईन तेव्हा माझा ठिपू मला दिसला पाहिजे. नाही दिसला, तर मी बहिणीकडेच बरी." आवाज चढवला नाही हं. चढवला असता तर मी एवढा घाबरलो नसतो.

म्हटलं, करू काळजी. फळ्या ठोकल्या, मांस कापून घातलं, पण हा दाराशी बसून रडतोय. म्हटलं, फिरवू. पट्टा मीच शिवला! छाती मोजली, गळा मोजला, दुहेरी शिवण... आणि इथंच घात झाला. तीस वर्षांची सवय हो! गिऱ्हाइकाला श्वास घ्यायला, जेवून उठल्यावर पोटाला दोन बोटं सैल ठेवायचीच. ठेवली! तिसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावर आलो, समोरच्या बेकरीवाल्यानं धाडकन शटर उघडलं, ठिपक्या दोन पावलं मागे सरला... आणि माझ्या हातात दोरी, दोरीला पट्टा, पट्ट्यात हवा! एक आणा गेला बेकरीच्या छपरावर, आणि जाताना पंधरा आणेही सोबत घेऊन गेला!

"मास्तर, तुमचा वाघ माझ्या पत्र्यावर!" बेकरीवाला ओरडतोय. मांस दाखवलं, ढुंकून बघेना. पलीकडे मोठा रस्ता, गाड्या सुसाट, तिकडे उडी मारली तर? घरात पळालो, हिचा स्वेटर चढवला, वासासाठी हो!, शिडीवर चढलो आणि हिच्या आवाजात सुरू, "ठिपूऽऽ... ये रे माझ्या सोन्याऽऽ..."

खालून बेकरीवाला, "वहिनी, तुम्ही कधी आलात?"

बघा, माणूस फसला! आणि ठिपक्यानं कान टवकारले, उठला, आला! माझ्या आवाजाला आला!

...बरं. ती एक गोष्ट. शिडी खरी, स्वेटर खरा, आला हेही खरं. पण आला तो माझ्या टकलावर पाय देऊन, खांद्यावरून खाली, एक दिवस आधीच परतलेल्या हिच्या कुशीत. बॅग घेऊन उभी होती रस्त्यात. तिनं त्याला हाकसुद्धा मारली नव्हती. ती नुसतं "अहो" म्हणाली होती. तेही मला!

मग वर बघून म्हणते, "उतरा आता. आणि स्वेटर काढून ठेवा, बगलेत उसवलाय."

नवा पट्टा हिनंच शिवलाय. एक बोट जागा, बस्स. दोरीचं दुसरं टोक माझ्या मनगटाला. कोण कुणाला फिरवतं ते विचारू नका... फर्निचरनं काय, ओढतील तिकडे सरकायचं.