एनिसचा ठिपका

वेबसाइटवर कोण आलं-गेलं ते दाखवणाऱ्या डॅशबोर्डचं कौतुक मला नका सांगू. इथं आयर्लंडमध्ये, सिटीवेस्टला ऑफिसात बसून दिवसभर मी तेच तर बघतो.

गेल्या उन्हाळ्यात आई कराडहून आमच्याकडे आली होती, तेव्हाची गोष्ट. आपल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर 'आयर्लंडमध्ये नवीन आहात?' असं एक पान होतं. त्यावर चार ओळी आणि मंडळाचा नंबर. त्या नंबरचा मोबाइल आमच्या किचनमध्ये पडून असायचा. मी तरी तो कधी वाजताना ऐकला नव्हता.

एका रविवारी मी ते पान उडवायला बसलो. आई म्हणाली, "का रं काढतोस?"

"बाउन्स रेट बघ की! लोक येतात, तेवढं एकच पान बघतात आणि पुढे कुठंही क्लिक न करता निघून जातात."

"निघून कुठं जात्यात?"

"ते नाही कळत."

तेवढ्यात डॅशबोर्डच्या नकाशावर एनिस गावाला ठिपका पेटला. नवीन व्हिजिटर. सात सेकंदांत विझलासुद्धा.

"बघ, गेला ना हाही!" म्हणेपर्यंत किचनमध्ये फोन वाजला. आईनं उचलला.

"बोल गं पोरी. रडतंय व्हय? पोटावर हिंग लावलास? आणि तू जेवलीस का?"

अर्धा तास ती बोलत होती.

"कोण होती?"

"एनिसची. बाळंतीण हाय, जवळ कुणी न्हाई."

"अगं, पण इथं तर 'नवीन व्हिजिटर' दाखवतंय!"

"नवीन कसली? बाळाची नाळ पडली तवापास्नं रोज फोनवर येती ती."