आकडा टीव्हीवर आला की

चाळीसगावच्या स्टँडवर, माझ्या मागच्या बाकावर, जळगावच्या एक अक्का आणि धुळ्याच्या एक ताई बसल्या होत्या.

“तुमच्या धुळ्याचं ऊन म्हणजे काहीच नाही, ताई. आमच्याकडे मेमध्ये शेहेचाळीस.”

“चव्वेचाळीस आम्हीही सोसतो, अक्का. पण थंडीत पाच होतं का तुमच्याकडे? सकाळी भांड्यांच्या पाण्यात हात घालवत नाही.”

“पाच नाही होत. पण शेहेचाळीस झालं की टीव्हीवर दाखवतात. मग पुण्याहून मुलाचा फोन येतो, आई बरी आहेस ना? मी दोन वाढवूनच सांगते.”

“आणि एरवी?”

“एरवी हवा चांगली असते.”

“माझा मुंबईला असतो. उन्हाळ्यात फोन करतो, आणि पाचाचा आकडा दिसला की थंडीतही करतो.”

अक्कांनी दोन बोटं मोजली.

“म्हणजे वर्षातून दोनदा. तुमच्या धुळ्याचं हवामान चांगलं आहे, ताई.”