खडूची गोळी

माझं माहेर कुरुंद्याचं, हळद पिकवनाऱ्या घरातली मी, आन दिली सेनगावला जीपवाल्याच्या घरी. आमचे हे सेनगाव-हिंगोली जीप चालवायचे, मानसं अशी दाटून भरायचे की मधल्याला खोकताबी येऊ नये. चिक्कट न्हाईत बरं का, पन ताटातलं कढीपत्त्याचं पानसुदिक टाकनार न्हाईत. टाकलं की दोष लागतो म्हनायचे, सासूबाईनं वळनच तसं लावलं व्हतं. ते वळन ध्यानात ठेवा, त्याच्यापायीच सगळं झालं.

मग त्यांना शुगर निघाली. गावातल्या डॉक्टरसाहेबांच्या हाताला गुन व्हता, त्यांच्यावर आमचा लई इस्वास. त्यांनी गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक. एका खेपेला ती मेडिकलमधी नव्हती, तर मेडिकलवाले भाऊ म्हनले ही दुसऱ्या पाकिटातली घेऊन जा वहिनी, औषध तेच हाय, नाव तेवढं निराळं, स्वस्तबी पडती. घेतली. पुढं डॉक्टरसाहेबांनी ते पाकीट पाहिलं आन असे भडकले, काय सांगू तुमाला. म्हनले ही जेनरिक हाय, हिच्यात काई न्हाई, खडू हाय खडू, मी लिहितो तीच कंपनीची घेत जा. मग आमी कंपनीची घेऊन घरी आलो.

आता उरलेल्या पाकिटाचं काय करावं? मी म्हनलं फेकून देते. तर हे म्हनले काहून फेकती, डॉक्टरच म्हनले ना हिच्यात काई न्हाई, मग खाल्ली तर काय व्हनार हाय, चांगली वस्तू काय उकिरड्यावर टाकायची? आन लागले खायला, कंपनीची एक, वरून खडूची एक. मलाबी पटलं बघा. लेकरं पाटीवरची पेन्सिल खातेत, त्यांना काय व्हतं?

थोडे दिवस गेले. मी माहेराला निघाले व्हते, त्यांच्याच जीपीत मागं बसलेली. थंडीचे दिवस, आन हे सीटा भरायच्या नादात सकाळपासून उपाशी. स्टेअरिंगवर बसले तर किल्लीच बसंना. हात लटलट कापून राहिला, सदरा घामानं चिंब. मी हाक मारली तर माझ्याकडं असे पाहून राहिले जशी मी कोनी परकी बाई, आन तसेच कलंडले. अजून अंगावर काटा येतो मला. गाडी सुटली असती मंजे? मागं लेकुरवाळ्या बाया व्हत्या वो.

दुसऱ्या ड्रायव्हरनं त्यांच्याच जीपीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरसाहेबांनी नसंतून साखरेचं पानी सोडलं, म्हनले शुगर पार तळाला गेली, काय खाल्लं यांनी? मी सांगितलं, तुमची गोळी, आन ती खडूची. म्हनले दोन्ही? काहून? आता काहून म्हनून मलाच इचारतेत. मी म्हनलं, साहेब, तुमीच म्हनले ना तिच्यात काई न्हाई. साहेब सलाईनची बाटली नीट करायला लागले.

हे उठून बसले, औंढ्याच्या नागनाथाची किरपा. दुसऱ्या दिवशी मी तरातरा मेडिकलवर गेले. म्हनलं भाऊ, खरं सांगा, त्या गोळीत औषध हाय का न्हाई? म्हनले हाय वहिनी, बराबर तेच हाय, मी खोटं कशाला इकू. जिवाला बरं वाटलं. मग सहज इचारलं, तुमच्या मायलाबी शुगर हाय ना, त्यांना हीच देता का? तर भाऊ काउंटर पुसायला लागले. म्हनले न्हाई वो, मायला कंपनीचीच देतो. काहून? तर म्हनले, मन धजत न्हाई.

मी तिथंच पायरीवर बसले. एक शिकलेला म्हनतो न्हाई, आन त्याच गोळीनं माझा मानूस पडला. दुसरा म्हनतो हाय, आन सोताच्या मायला देत न्हाई. मग आमी कोनाच्या तोंडाकडं पाहावं, सांगा तुमी?

आता जीप लेक चालवतो, हे घरी असतेत. गोळी आमी स्वस्तवालीच घेतो, एकच. भाऊंच्या मायला देव उदंड आवुष्य देवो, कंपनीच्या गोळीवर का व्हईना. ते अजून इचारतेत, वहिनी, तुमचा भरोसा कसा बसला हिच्यावर? म्हनलं भाऊ, माझ्या डोळ्यांदेखत तिनं धडधाकट मानूस पाडलाय, तिच्यात औषध हाय का न्हाई ते मला कोनी सांगू नये.