सीटखालचा पाइप

(गॅरेजमध्ये दोन सीटांची जुनी लाल स्पोर्ट्स कार लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली. दादा पुढे, उघड्या बोनेटमध्ये वाकलेला. धाकटा मागे टाकीखाली आडवा. मधे, उघड्या दारापाशी स्टुलावर वहिनी, म्हणजे दादाची बायको.)

वहिनी: ...आणि मी वेडी, वर्षभर काच खाली करून बसत होते. पेट्रोलचा वास येतोय म्हटलं की हे म्हणायचे, तुझं नाकच तसलं आहे.

दादा: तसलं नाही म्हणालो. नाजूक म्हणालो.

वहिनी: परवा नातीला फिरवून आणलंत, तेव्हा तिच्या फ्रॉकला भपकारा येत होता. तेव्हा काय म्हणालात? नेलपॉलिश सांडलं असेल. पाच वर्षांची पोर ती.

दादा: लावते ती. मी पाहिलंय.

वहिनी: सीट उचलून बघितली तर खालचा गालिचा चिंब. पेट्रोलनं. पोर त्याच्यावर बसून गाणी म्हणत होती. एक ठिणगी पुरली असती.

धाकटा: वहिनी, दादाला विचारा, नवे पाइप घातले म्हणून गल्लीभर बोनेट उघडून दाखवत होता, ते काय शोभेचे होते?

वहिनी: भाऊजी, तुम्ही इथे आहात, ते तिथे आहेत, मधे एक गाडी आहे आणि तीही बुटकी. तुमचं सगळं त्यांना ऐकू येतंय.

दादा: त्याला सांग, माझ्याकडचे सगळे बदललेत. पंपापासून कार्बोरेटरपर्यंत. क्लिपांसकट.

धाकटा: माझ्याकडचेही बदललेत. टाकीपासून सीटमागच्या पत्र्यापर्यंत. आताचं पेट्रोल जुन्या रबराला खातं, हे मला त्याच्या आधी कळलं होतं.

वहिनी: आणि मधला? दोन्ही सीटांच्या मधल्या उंचवट्यातून जातो तो? माझ्या बुडाखालचा?

दादा: तो मागे येतो.

धाकटा: तो पुढे येतो.

वहिनी: ऐका. साठी ओलांडलेली माणसं ही.

दादा: बाबांनीच ठरवून दिलंय. दारापासून पुढे माझं, दारापासून मागे त्याचं.

वहिनी: ते गाडी पुसण्यासाठी होतं. तुम्ही फडक्यावरून मारामाऱ्या करत होतात म्हणून. तुम्ही चड्डीत होतात तेव्हा. त्यांना काय स्वप्न पडलं होतं, की पोरं म्हातारी झाली तरी एक सकाळी येऊन पुढचं करील आणि दुसरा दुपारी येऊन मागचं? आणि दाराएवढी जागा बेवारस राहील?

धाकटा: दुपारी मी यायचो कारण सकाळी तो असायचा.

दादा: त्याला सांग, सकाळी यायला कुणी बंदी घातली नव्हती.

वहिनी: बंदी कशाची घालायची? रंगाची घातलीत की. चार वर्षांपूर्वी यांनी पुढचा भाग रंगवून आणला आणि लाल जुळला नाही. झालं. तेवढ्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले. लोकांची जमिनीवरून भांडणं होतात, आमच्याकडे लाल रंगावरून.

धाकटा: पुढून टोमॅटो आणि मागून वीट. तुम्हीच बघा.

दादा: मूळ रंग तोच आहे. मागचा उन्हानं विटलाय. त्यानं कव्हर घातलं नाही.

धाकटा: कव्हर पुढून घालायला सुरुवात करायची असते. पुढचं माझ्याकडे येत नाही.

वहिनी: बास. मी सकाळीच सांगितलंय, परत सांगते. आज हा पाइप अंधार पडायच्या आत बदलला नाही, तर गाडी विकायची. गाडी मागणारा तो दाढीवाला उद्या सकाळी येतोय. मी त्याला हो म्हटलेलं आहे.

दादा: मला न विचारता?

वहिनी: तुम्ही माझ्या नाकाला विचारलं होतं? चला, सुरू करा. कसं करायचं ते एकदाच सांगा, मला समजेल असं.

दादा: सोपं आहे. टाकी रिकामी केलीय, बॅटरी काढलीय. जुना पाइप त्या उंचवट्याखालच्या बोगद्यातच पडलाय. त्याच्या मागच्या टोकाला नवा पाइप बांधायचा, आत तार घालून, वरून चिकटपट्टी. मग मी पुढून जुना ओढायचा. तो बाहेर येईल आणि त्याच्यामागून नवा आत येईल.

धाकटा: आणि मी मागून नवा ढकलायचा. त्याच वेळी. नुसतं ओढलं तर जुना आतच तुटेल, तो पापडासारखा झालाय. मग सगळा मजला उघडावा लागेल. दादाला सांगा, उगाच ताकद दाखवू नकोस.

वहिनी: अहो, ते म्हणतात दोघांनी एका लयीत करायला पाहिजे.

दादा: त्याला विचार, तयार आहे का?

वहिनी: भाऊजी, तयार?

धाकटा: तयार.

वहिनी: तयार आहेत.

दादा: मग सांग, ढकल.

वहिनी: ढकला.

धाकटा: ढकलतोय. तो ओढतोय का?

वहिनी: अहो, ओढताय का?

दादा: ओढत होतो. आता थांबलोय.

वहिनी: का?

दादा: त्यानं ढकललं की नाही ते कळेना म्हणून.

धाकटा: तो थांबला, पण मी ढकलतोच आहे. नवा इथे घडी पडून माझ्या नाकाशी आलाय. वहिनी, हे तारायंत्र चालायचं नाही.

दादा: त्याला सांग, गाढवासारखा ढकलू नको.

वहिनी: भाऊजी, जरा बेतानं घ्या म्हणतात.

धाकटा: गाढवासारखा म्हणाला. मला इथे ऐकू आलं.

वहिनी: अर्थ तोच.

धाकटा: त्याला सांगा, मी निदान ढकलतो तरी. तो तिथे मानपान घेत उभा आहे.

वहिनी: अहो, तुम्हाला कमरेला त्रास होत असेल तर सावकाश ओढा म्हणतात.

दादा: असं नाही म्हणाला तो.

वहिनी: नाही म्हणाले.

दादा: मग तू असं का सांगितलंस?

वहिनी: सवय लागलीय. ओढा तुम्ही.

धाकटा: थांबा, वहिनी. कसली सवय? तुम्ही नेहमी असंच बदलून सांगता?

वहिनी: पाइपाकडे लक्ष द्या.

धाकटा: नाही, सांगा. गेल्या वर्षी मी हॉस्पिटलात होतो, तेव्हा तुम्ही सूप घेऊन आलात. म्हणालात, दादानं स्वतः केलंय, मला स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही.

दादा: मी? सूप?

धाकटा: एकदम अळणी होतं. म्हणूनच मला खात्री पटली दादाचंच आहे.

दादा: कसलं हॉस्पिटल?

धाकटा: ...वहिनी?

दादा: अगं, हा हॉस्पिटलात होता?

वहिनी: होते.

दादा: आणि मला माहीत नाही?

वहिनी: तुम्हाला सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, त्याचं नाव काढलंस तर मी पानावरून उठेन. मी म्हटलं, जेवा. आणि भाऊजींनीही शपथ घातली होती, दादाला कळता कामा नये.

धाकटा: शपथ घातली, पण सूप आलं म्हणून मला वाटलं तुम्ही सांगितलंत. मला बरं वाटलं होतं, वहिनी. औषधानं नाही, त्या अळणी सूपानं.

वहिनी: माहीत आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मुद्दाम मीठ कमी घातलं.

दादा: आणि हा पान्यांचा संच? माझ्या वाढदिवसाला यानं पाठवला म्हणून तू दिलास, त्याचं काय? मी वर्षभर जपून वापरतोय.

धाकटा: मी कुठला पाठवतो.

दादा: कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलास?

वहिनी: हो. आणि दुकानदाराला विचारलं, असा द्या की एका रुसलेल्या माणसानं दुसऱ्या रुसलेल्या माणसाला दिलाय असं वाटेल. तो म्हणाला, मग कागदात नको गुंडाळायला.

धाकटा: म्हणजे चार वर्षं दादानं माझ्याबद्दल कधीच काही विचारलं नाही? एकदाही?

वहिनी: आणि तुम्ही त्यांच्याबद्दल? तुम्ही दर रविवारी येऊन मागचा पत्रा चकचकीत करून गेलात. वर जिना चढून आलात कधी? दोघांनी मिळून मला एक सरळ शब्द दिला असता पोचवायला, तर मला हे उद्योग करावे लागले नसते. तुमच्या दोघांत जी काही माया उरलीय ना, ती सगळी माझ्या पदरची आहे. आणि आता माझ्या पदरात काही नाही. मी थकले.

दादा: अगं, एवढं...

वहिनी: एवढं तेवढं काही नाही. विकायची म्हणते ती धमकी वाटते ना तुम्हाला? मला गाडीचा राग आहे असं वाटतं? ही गाडी दारातून गेली की भाऊजी या घरात कशाला येतील? हा विचार करून मी वर्षभर तो वास सहन केला. नाक धरून बसले, पण गाडी विका म्हटलं नाही. पण त्या सीटवर पोर बसली तेव्हा माझी हौस फिटली. आता तुम्ही ठरवा. मी वर जाते.

धाकटा: वहिनी, तुम्ही गेलात तर निरोप कोण...

वहिनी: कुणी नाही. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसणार आहे आणि कानात बोटं घालणार आहे. पाइप आत गेला की हाक मारा. दोघांपैकी कुणीही.

दादा: अगं ऐक... गेली.

धाकटा: हं.

दादा: तुझ्याकडे किती राहिलाय?

धाकटा: अर्ध्याहून जास्त. तुझ्याकडे?

दादा: वीतभर आलाय बाहेर. चिरा पडल्यात सगळीकडे. हात लावला की भुगा होतोय.

धाकटा: मग तोंडानं सांग. ओढायच्या आधी सांग.

दादा: ओढतो.

धाकटा: ढकलतोय. हळू. आणखी. थांब, थांब. इथे वळणावर अडकलाय.

दादा: थोडा मागे घे आणि फिरव. उजवीकडे.

धाकटा: माझ्या उजवीकडे की तुझ्या?

दादा: तुझ्या. तू उताणा आहेस ना? मग... तू डावीकडे फिरव.

धाकटा: दादा, लहानपणापासून तुला उजवंडावं कळत नाही.

दादा: फिरव म्हणतो ना.

धाकटा: सुटला. ओढ. ढकलतोय, ओढ. हं, असंच. येतोय का?

दादा: येतोय. नीट येतोय. थांब जरा, पकड बदलतो.

धाकटा: बदल.

दादा: ...कसलं होतं?

धाकटा: काय?

दादा: हॉस्पिटल. काय झालं होतं?

धाकटा: ओढ आधी.

दादा: ओढतोय. तू सांग.

धाकटा: किडनीवर गाठ होती. काढली.

दादा: कसली गाठ?

धाकटा: साधी निघाली. पण रिपोर्ट येईपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरलाही नाही. मी तिथे पडल्यापडल्या मागच्या दिव्याच्या वायरी कुणाच्या हवाली करायच्या याचा विचार करत होतो. दादा, ढकलतोय मी. ओढतोयस ना?

(दादा पाइप सोडून, बोनेटच्या कडेवर दोन्ही हात टेकून मागच्या बाजूला बघत उभा.)

धाकटा: दादा? नवा इथे वाकतोय. ओढ ना.

दादा: ओढतो. थांब जरा.