उरलेली उजवी बाजू

हॅलो?… हो, मीच. दुकानातूनच बोलतोय… अगं, बाजार उघडला आज, मग सलूनही उघडलं… कुणाला विचारायचं? शटर माझं, ते उचलताना दुखणारे गुडघेही माझेच… हो, हो… अगं ऐक ना.

…एकटा कुठे? गिऱ्हाईक आहे खुर्चीत. पाववाले काका. लहानपणी तुला बिस्किटं द्यायचे ते… ऐक तर. त्या दिवशी बाजारात स्फोट झाला ना, तेव्हा मी त्यांचेच केस कापत होतो. डावी बाजू झाली होती, उजवी राहिली होती. काका तसेच पळाले, अंगावर माझं कापड घेऊन… हस, हस. बाजार बंद, तर आठवडाभर माणूस टोपी घालून दारोदार पाव विकतोय. बायको म्हणाली, दुसरं सलून बघा. तर म्हणाले, अर्धं काम त्याच्याकडे अडकलंय, दुसऱ्याकडे कसा जाऊ?… कापड? आणलंय ना. धुऊन, इस्त्री करून.

…हं… हं… माहीत आहे गं. समोर चष्मेवाल्याचं दुकान बंद आहे. मान वर केली की आरशात तेच दिसतं… नाही, आता नाही उघडणार ते. त्याच्या बायकोला भेटून आलो मी. फार वाईट वाटलं.

…वाटते ना भीती. नाही कोण म्हणतंय? मघाशी बाहेर कुणी खोकं आपटलं, तर माझ्या हातातून कात्री पडली. काकांनीच उचलून दिली… तुझ्याकडे येऊन राहू? आणि दिवसभर काय करू, जावईबापूंचं टक्कल विंचरू?… बरं बरं, नाही बोलत.

…बाळा, घरी बसलो तरी भीती वाटणारच. इथे निदान हाताला काम असतं… रडू नकोस गं. रविवारी ये, नेहमीसारखी डबा घेऊन… हो, इथेच. बाजारातून चालत… मी येतो ना कोपऱ्यापर्यंत… बरं, विचार करून सांग.

थांब हं… काय म्हणता काका?… दाढीपण? आज?… अहो, हात थरथरतोय माझा, वस्तरा आहे हा. उद्या या… 

हॅलो, आहेस ना? काकांना दाढी करायचीय. म्हणतात, थरथर थांबेपर्यंत बसतो, मला कुठे जायचंय… नाही गं, चेष्टा नाही करत. मान मागे टाकून, डोळे मिटून बसलेत… हो, अगदी निवांत.

…काय म्हणालीस?… येतेस?… ये. ये गं.

चल, ठेवतो आता. दोन्ही हात लागतील.